पाऊस लागला की पोरीच्या पोटात दुखतं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. शाळेत आपण काय करायचं?

खडूफळा_करवीर

नमस्कार मंडळी. मी करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गाव नदीकाठचं आहे एवढंच सांगते, नाव नको. सातवीचा वर्ग माझ्याकडं आहे. वर्गात एक मुलगी आहे, अभ्यासात चांगली, अक्षर तर बघत राहावं असं, पण जुलै लागला आणि पाऊस सलग सुरू झाला की तिच्या पोटात दुखायला लागतं. दुखतं म्हणजे पार आवळून धरते, बेंचवर डोकं टेकून बसते, पोषण आहाराची घंटा झाली तरी ताट घेऊन उठत नाही. घरच्यांनी दाखवलंय, रक्त-लघवी झाली, सोनोग्राफी झाली, जंताची गोळी झाली, सगळं नॉर्मल. नवरात्र आलं की पोरगी ठणठणीत. दोन वर्षं मी हे बघतेय, आधीच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले आमच्याकडं पण असंच होतं.

तिचं घर २०१९ ला पाण्यात गेलं आणि परत २०२१ ला गेलं. २०१९ ला ती पहिलीत होती. रात्री बोटीतनं बाहेर काढलं, गोठ्यातल्या म्हशींची दावी सोडली, त्यातली एक परत मिळाली नाही, हे तिनंच मला सांगितलंय, ते पण मुद्दाम बसवून विचारलं म्हणून नाही, वह्यांना कव्हर घालता घालता सहज बोलली. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाण्याची पातळी येते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, आमच्या पोरांना पाढे येत नसतील पण हे दोन आकडे येतात. राधानगरी धरणाचा एखादा स्वयंचलित दरवाजा उघडला म्हटलं की वर्गात कुजबुज सुरू. बाकीच्यांना त्यात सुट्टी दिसते, ही एकदम गप्प होते.

स्टाफरूममध्ये म्हणतात नाटकं आहेत, लक्ष देऊ नका. घरी आजी म्हणते बाहेरचं काहीतरी आहे, अंगारा बांधलाय. आई मला म्हणते मॅडम तुमीच काय ते बघा, तुमचं ऐकती ती. आमच्याकडं समुपदेशक नाही, जवळपास कुठं मिळतो ते पण स्टाफमध्ये कुणाला सांगता येईना. मला कुणीतरी नीट सांगा की वर्गात मी काय करायचं, काय करायचं नाही, पुढं कुठं पाठवायचं, आणि घरी हे कसं सांगायचं की पोरीला वेड लागलंय असा अर्थ कुणी काढणार नाही. आणि हो, हा प्रश्न एका पोरीचा नाही हे मला कळतं, पण तिच्यापासून सुरुवात करू दे.

कागलकर_मास्तर

मॅडम तुमची तळमळ कळती, आणि तुमच्यासारखी माणसं हायत म्हणून शाळा चालल्यात हे पण खरं. पण मी जरा रोखठोक बोलतो. आमच्याकडं दोन शिक्षकी शाळा आहे, चार वर्ग दोघांत. बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, युडायसवर शाळेची माहिती भरणं, आधार अपडेट, पोषण आहाराची रोजची ऑनलाईन नोंद, मधेच सर्वेक्षण, आणि आता मुलांचं मन पण आम्हीच बघायचं म्हटलं तर माणूस किती पुरणार. २०२० ला केंद्र सरकारचा तो आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रम आला, प्रत्येक शाळेतनं दोन शिक्षक आरोग्यदूत करायचे, अकरा विषय, त्यात भावनिक आणि मानसिक आरोग्य हा एक विषय आहेच. कागदावर चांगलंच आहे. आमच्याकडं प्रशिक्षण झालं, फोटो निघाला, रजिस्टर भरलं, पुढं कुणी विचारायला आलं नाही.

आता जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमा किंवा जोडून घ्या, आणि त्यापेक्षा कमी पट असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करा. आपल्या जिल्हा परिषदेच्या किती शाळांचा पट १०० च्या आत आहे ते तुम्हाला पण माहीत आहे, वाडी-वस्तीवरच्या तर सगळ्याच. म्हणजे आपल्या वाट्याला ती ‘जोडणी’ येणार, आणि ती जोडणी म्हणजे भिंतीवर एक फोन नंबर चिकटवणं असं झालं तर काय उपयोग? माझं म्हणणं एवढंच आहे की केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, एक समुपदेशक द्या. दर आठवड्याला एका शाळेत येऊ दे, पोरांना त्याचं तोंड ओळखीचं होऊ दे. हे मागायचं सोडून आपण शिक्षकांनीच सगळं अंगावर घेतलं तर ते पद कधीच निघणार नाही. तोपर्यंत पोरीला वाऱ्यावर सोडा असं म्हणत नाही मी, गैरसमज नको.

मनाचं_बोलू_ताई

मी समुपदेशक आहे, मुलांसोबतच काम करते, कोल्हापुरातच. मॅडम, तुम्ही लिहिलंय त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ती तुमच्याशी कव्हर घालताना बोलली. मुलं अशीच बोलतात, हात कामात असले आणि समोरचा माणूस आपल्याकडं रोखून बघत नसला की.

आधी पोटदुखीचं सांगते. ती नाटक करत नाहीये. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं, पोटाकडचा रक्तपुरवठा कमी होतो, आतड्यांची हालचाल बिघडते, स्नायू आवळतात. मेंदू आणि आतडं यांच्यात नसांचं जाळं आहे, त्यामुळं मुलांची काळजी पहिल्यांदा पोटातच दिसते, मोठ्यांसारखं ‘मला टेन्शन आलंय’ असं त्यांना म्हणता येत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखत नाही असं होत नाही. म्हणून ‘काही झालं नाही, उठ’ हे वाक्य तिच्यापुढं कुणी म्हणू नये, तुमच्या स्टाफमध्ये सुद्धा. तिला म्हणायचं, दुखतंय ना, मला माहीत आहे, बस जरा, थोड्या वेळानं बरं वाटेल तेव्हा वही उघड. मात्र एक बघून घ्या, पाळी सुरू झालीय का, वजन कमी होतंय का, रात्री झोपेतनं उठून दुखतं का, ताप येतो का. यातलं काही असेल तर परत डॉक्टरांकडं पाठवा, सगळं मनावर ढकलायचं नाही.

वर्गात काय करायचं तर फार मोठं काही नाही, पण रोज करायचं. पाऊस सुरू झाला की तिची जागा खिडकीपासून आणि दारापासून विचारून ठरवा. काही मुलांना बाहेर दिसलेलं बरं वाटतं, काहींना नको असतं, तिलाच विचारा. श्वासाचा एक व्यायाम सगळ्या वर्गाला शिकवा, एकटीला नको, नाहीतर ती वेगळी पडते. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, परिपाठ झाला की दोन मिनिटं. बाहेर सोडायचा श्वास लांब असला पाहिजे, शरीर त्यानंच शांत होतं. पोटात दुखलं म्हणून लगेच घरी पाठवणं टाळा. घरी गेल्यावर बरं वाटतं, मग शरीर शिकतं की शाळा टाळली की दुखणं जातं, आणि दोन वर्षांत पोरगी शाळा सोडायच्या बेताला येते, मी अशी मुलं बघितलीत. वर्गाबाहेर दहा मिनिटं बसायला जागा द्या, पाणी द्या, मग परत आत.

काय करायचं नाही ते पण सांगते. पुराची गोष्ट तिला वर्गासमोर सांगायला लावू नका, निबंधाचा विषय म्हणून तर अजिबात नको. ‘आता काही पूर येत नाही’ असं खोटं आश्वासन देऊ नका, आला तर तुमच्यावरचा विश्वास गेला. त्यापेक्षा खरं सांगा, आज पातळी एवढी आहे, इशाऱ्याला अजून इतके फूट बाकी आहेत, वाढली तर आपण काय करणार ते ठरलंय. मुलांना माहिती लागते, अर्धवट ऐकलेलं त्यांना जास्त घाबरवतं.

पुढं कुठं पाठवायचं. तुमच्या शाळेत वर्षातनं एकदा आरबीएसकेची गाडी येते ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून चालू आहे. त्यांचे डॉक्टर वजन, दात, डोळे बघून जातात, पण वर्तनाच्या तक्रारी पण त्यांना सांगता येतात आणि ते संदर्भचिठ्ठी देतात. आपण सांगत नाही म्हणून ते विचारत नाहीत. गाडीची वाट बघायची नसेल तर सरळ सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, केसपेपर काढून दाखवता येतं, आधीचे रिपोर्ट सोबत न्या म्हणजे परत तपासण्या होणार नाहीत. जायच्या आधी बोलून बघायचं असेल तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर फक्त जीव द्यायच्या विचारात असलेल्यांसाठी आहे असा लोकांचा समज आहे, तसं नाही. तुम्ही शिक्षिका म्हणून फोन करून ‘माझ्या वर्गात अशी मुलगी आहे, मी काय करू’ असं विचारू शकता.

आजीशी अंगाऱ्यावरनं वाद घालू नका. अंगारा असू दे, दवाखाना पण असू दे. आजीला म्हणा, एकदा भाजलेला हात परत चुलीजवळ न्यायला घाबरतो की नाही, तसंच पोरीच्या जिवाला पाण्याचं भ्या बसलंय, त्याला वेड म्हणत नाहीत, आणि त्याला डॉक्टर असतात. माझ्या अनुभवात आज्यांना हे पटतं, त्यांनी पण तो पूर बघितलाय, आणि बऱ्याचदा असं होतं की बोलता बोलता आजीच रडायला लागते. म्हणजे घाबरलेलं घर आहे, पोरगी एकटी नाही.

शिवाजीपेठेतली_आई

मी शिक्षक नाही, आई आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीत आहे, महापालिकेची शाळा. पुराचं सगळ्यांना कळतं हो ताई, पण पाणी न येता पोरं रोज घाबरलेली असतात त्याचं पण कुणीतरी बोला. आपल्या जिल्ह्याला शिष्यवृत्ती परीक्षेचा फार अभिमान आहे, मला पण आहे. पण पाचवीचं पोर सकाळी जादा तासाला जातं, मग शाळा, मग संध्याकाळी परत तास, रविवारी सराव परीक्षा, आणि सोमवारी फळ्यावर मार्कांनुसार नावं. माझा मुलगा गेल्या वर्षी पाचवीत होता. दिवाळीनंतर तो रविवारी पहाटे उलटी करायचा, म्हणजे दर रविवारी, आणि परीक्षा देऊन आला की दुपारी पोट भरून जेवायचा. आम्ही पित्ताची औषधं देत बसलो.

मग मी समितीच्या बैठकीत विषय काढला. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, शिक्षण हक्क कायद्यानंच, पण आपण जाऊन सह्या करून चहा पिऊन येतो. मी म्हटलं शिष्यवृत्ती बंद करा असं मी म्हणत नाही, फळ्यावरची नावं पुसा एवढंच म्हणते. दोन पालक माझ्यावरच चिडले, म्हणाले तुमच्या पोराला झेपत नाही म्हणून आमच्यांचं नुकसान का. सरांनी मात्र ऐकलं. आता मार्क प्रत्येकाच्या वहीत लिहून देतात आणि रविवारची एक सुट्टी महिन्याला मोकळी असते, त्या दिवशी पोरं गांधी मैदानावर फुटबॉल खेळतात. निकाल काही खाली आला नाही शाळेचा. माझ्या पोराचं नाव यादीत आलं नाही, पण रविवारच्या उलट्या मात्र फेब्रुवारीतल्या परीक्षेच्या बऱ्याच आधी थांबल्या.

सगळ्या आयांना सांगते, कायद्यात कलम १७ आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवणं त्यात येतं. भांडायला जायची गरज नाही, बैठकीत विषय म्हणून लिहून द्या, इतिवृत्तात आलं पाहिजे.

इचलकरंजीचा_आहे_मी

मी शिक्षक पण नाही पालक पण नाही, कॉलेजला आहे. आमच्या घरी माग होते, वडील रात्रपाळी करून यायचे आणि पिऊन यायचे. आठवीत असताना मी शाळेत नुसता झोपायचो कारण रात्री झोप नाही. एका सरांना मी विश्वासानं सगळं सांगितलं. त्यांनी ते स्टाफरूममध्ये सांगितलं, तिथनं शिपाईमामांना कळलं, त्यांचा पोरगा आमच्या वर्गात. दुसऱ्या दिवशी पोरं मला वडिलांच्या चालीनं चालून दाखवायला लागली. त्यानंतर मी दोन वर्षं कुणाला काही बोललो नाही. शाळा कुठली ते सांगत नाही, सर वाईट नव्हते, त्यांना वाटलं असेल मदत करतोय.

मला बरं केलं ते पीटीच्या सरांनी. त्यांनी काही विचारलंच नाही. म्हणाले साहित्याच्या खोलीची किल्ली तुझ्याकडं, सकाळी लवकर ये, जाळी बांध. मग हळूहळू मीच बोललो. त्यांनी मला आधी विचारलं की हे मी कुणाला सांगू का, कुणाला सांगितलं तर चालेल. एवढं विचारणारं पहिलं माणूस.

तर खडूफळा मॅडम, त्या पोरीचं नाव गाव सांगितलं नाही ते लई बेस केलं. स्टाफमध्ये पण जास्त बोलू नका.

खडूफळा_करवीर

सगळ्यांचे खूप आभार. इचलकरंजीच्या दादा, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. स्टाफमध्ये मी आता फक्त मुख्याध्यापकांशी बोलणार आहे.

ताई, एक विचारायचं राहिलं आणि ते मला जास्त घाबरवतं. आठवीतल्या एका मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं लिहिलेलं बाजूच्या मुलीनं मला दाखवलं. मला वाटलं विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं भरेल, म्हणून मी अजून गप्प आहे. काय करू?

मनाचं_बोलू_ताई

विचारा. उद्याच विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात जात नाही, यावर जगभर अभ्यास झालाय, उलट विचारल्यावर मुलं सुटल्यासारखी बोलतात. एकांतात, पण दिसेल अशा जागी, आवाज साधा ठेवून. ‘तू वहीत लिहिलेलं मी वाचलं. कधी कधी खूप त्रास झाला की जीव द्यावा असं मनात येतं. तुझ्या येतं का?’ असं सरळ. आडून आडून नको. मैत्रिणीनं दाखवलं हे मात्र सांगू नका, वही तपासताना दिसलं असं म्हणा, वही तुम्ही तपासताच.

ती नाही म्हणाली तरी का लिहिलं ते ऐका. हो म्हणाली तर दचकू नका, रागावू नका, आईबापाचं काय होईल असं म्हणू नका, तिला आधीच ओझं वाटतंय. कसं, कधी असा काही बेत मनात आहे का ते विचारा. बेत असेल तर तिला एकटी सोडायची नाही, त्याच दिवशी घरच्यांना बोलावून घ्यायचं, तुमच्यासमोर १४४१६ ला फोन, आणि सीपीआरला न्यायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही. घरी शेतीची औषधं असतात, तणनाशकं, उंदराचं औषध, ती कुलपात ठेवायला वडिलांना स्पष्ट सांगा. आपल्या भागात हे सांगितलंच पाहिजे. हाताशी साधन नसलं की ती एक वाईट वेळ टळते, आणि टळलेली वेळ बहुतेकदा कायमची टळते.

आणि गुपित ठेवायचं वचन देऊ नका. ‘तू सांगशील ते मी चारचौघांत बोलणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर तुला सांगून, मदत करणाऱ्या माणसालाच फक्त सांगेन’ असं आधीच म्हणा. कारण कधी कधी त्या वाक्याच्या मागं दुसरंच काही निघतं. कुणी अंगाला हात लावतंय असं निघालं तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षक म्हणून तुमच्यावर पण, मुख्याध्यापकांनी नको म्हटलं तरी. १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनवर फोन करता येतो. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत असायला पाहिजे, तुमच्याकडं ती नुसती फलकावर आहे की कधी बसते ते बघा.

कागलकर सर, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, शिक्षकानं समुपदेशक व्हायचं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयात साधारण ७.३ टक्के मुलांना मानसिक आजाराचा त्रास आढळला होता, म्हणजे चाळीसच्या वर्गात तीन जण धरा. त्या तिघांवर उपचार करणं शिक्षकाचं काम नाही. ते तिघं कोण हे ओळखणं, त्यांचा अपमान होऊ न देणं आणि त्यांना योग्य दारात नेऊन सोडणं एवढं मात्र शिक्षकच करू शकतो, कारण रोज बघणारा तोच असतो.

शिरोळचे_निवृत्त_गुरुजी

उशिरा वाचतोय. शिरोळ तालुक्यात मुख्याध्यापक होतो, २०१९ ला आमच्या शाळेतच निवारा होता, वर्गात माणसं, व्हरांड्यात भांडी. पाणी उतरल्यावर शाळा भरली तेव्हा चिखल वास मारत होता, पोरांकडं वह्या नव्हत्या, दप्तरं वाळत घातलेली. वरनं निरोप, अभ्यासक्रम मागं पडलाय, भरून काढा. आम्ही पहिले काही दिवस पुस्तक उघडलंच नाही. पोरं शाळा धुवायला लागली, ज्याला जे जमेल ते. चित्रं काढली, सक्ती नव्हती, कुणी बोट काढली, कुणी नुसता डोंगर काढला. मधल्या सुट्टीत पोरं ‘बोट बोट’ खेळायची, एकमेकांना ओढून बाहेर काढायची, एका शिक्षिकेला ते बघवेना, त्या थांबवायला निघाल्या, मी म्हटलं खेळू दे. खेळात ती पोरं दर वेळी वाचत होती.

खडूफळा मॅडमना एक सुचवतो. जूनमध्येच, पाऊस जोर धरायच्या आधी, वर्गात पुराची तयारी हा विषय कामासारखा घ्या. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, दप्तर माळ्यावर, जनावरं कुठल्या माळावर न्यायची, कुणाच्या घरी उतरायचं, फोन नंबर पाठ. प्रत्येक पोराला घरातलं एक काम नेमून द्या. तुमच्या त्या मुलीला म्हशींचं काम द्या, पातळी किती झाली की दावी सोडून कुठं न्यायची हे तिनं वडिलांना विचारून लिहून आणायचं. म्हैस गेली ना तिची, तिला काहीच करता आलं नव्हतं, सहा वर्षांचं पोर काय करणार. आता करता येतं हे तिला कळू दे. ताई सांगतील हे बरोबर की चूक.

शाहू महाराजांनी १९१७ ला कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं हे आपण भाषणात सांगतो. त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी बोर्डिंगं सुरू करून दिली, कारण खेड्यातल्या पोराला आधी जेवण आणि निजायला जागा पाहिजे, मग शाळा, हे त्यांना दिसत होतं. पोरगं वर्गात आलं म्हणजे शिकतंय असं त्यांनी धरलं नाही. आपण पण धरू नये.

मनाचं_बोलू_ताई

गुरुजी, अगदी बरोबर आहे. फक्त पहिल्या वेळी आई किंवा वडील सोबत असू देत, आणि ती नको म्हणाली तर दुसरं काम. कागलकर सरांच्या मुद्द्याला जोडून सांगते, कोल्हापुरातल्या सायबर कॉलेजला एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्याचा अभ्यासक्रम आहे, त्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावं लागतं. केंद्रातल्या शाळांनी मिळून पत्र दिलं तर विचार होऊ शकतो. ते पूर्ण समुपदेशक नसतात, त्यांच्यावर देखरेख लागते, पण घरी जाणं, पालकांना दवाखान्यात सोबत नेणं हे ते चांगलं करू शकतात.

खडूफळा_करवीर

आठवीतल्या मुलीशी आज बोलले. बेत वगैरे नाही, पण घरी लग्नाचं बोलणं चालू आहे हे निघालं, आठवीतल्या पोरीचं. मुख्याध्यापकांना सांगितलंय, उद्या तिच्या आईला बोलावलंय, ग्रामसेवक भाऊसाहेबांशी पण बोलणार, तेच गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. आईनं टाळलं तर १०९८ ला मी स्वतः फोन करणार.

सातवीतल्या मुलीची आई सोमवारी सीपीआरला यायला तयार आहे, मी रजा टाकून सोबत जातेय. आजी पण येते म्हणाली.

कागलकर_मास्तर

मॅडम, बालविवाहाचं एकट्यानं अंगावर घेऊ नका, केंद्रप्रमुखांना लेखी कळवा आणि पोच घ्या, पुढं गावातनं दबाव आला तर तो कागद कामाला येतो.

आणि मी बोललो ते करतो. केंद्राला एक समुपदेशक मिळावा म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जाचा मसुदा रविवारी इथं टाकतो, त्यात सुप्रीम कोर्टाच्या त्या सूचनांचा उल्लेख, सायबरच्या पत्राचा मुद्दा आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडायचा. शिवाजी पेठेतल्या ताई, ठरावाची भाषा तुम्ही लिहून द्या, पालकांच्या तोंडचं वजन वेगळं असतं. करवीर, शिरोळ, हातकणंगले, पन्हाळा, कागल इथलं कुणी वाचत असेल तर आपल्या केंद्रात शाळा किती आणि एकूण पट किती एवढं खाली लिहा, शाळेचं नाव नको.